सव्वादोनच्या बांगड्या

माझी पत्नी मंगळवारी सकाळी वारली. दुपारी तिला घरी आणले. कासारीण आली. तिने पत्नीच्या दोन्ही हातांत बांगड्या भरल्या. बांगड्या चढल्या. संध्याकाळी मी घाटावरून परतलो.

बांगड्या चढल्या, हे वाक्य वाचणाऱ्याला विशेष वाटणार नाही. सवाष्ण बाई गेली की तिला नवी साडी नेसवतात, मळवट भरतात, हातांत हिरव्या बांगड्या भरतात आणि मग नेतात. सगळ्यांच्या घरी होते तसेच आमच्याकडे झाले. पण आमच्या घरात त्याआधी काही वर्षे दुसरा विषयच नव्हता. तिच्या हातांत पुन्हा काचेच्या बांगड्या चढतील का, आणि चढल्या तर राहतील का, एवढाच प्रश्न होता. डॉक्टर तो प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडत. तिने तो कायम असाच विचारला.

ती उमरेडची. माहेरी हातमाग होता. लहानपणापासून तिने कांड्या भरल्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळले. मी नागपुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला माझी आई तिला महाल भागातल्या बाजारात बांगड्या भरायला घेऊन गेली. तिथल्या कासारणीने तिचा पंजा दाबून पाहिला आणि म्हणाली, “हात आहे का पाखराचा पाय वं? सव्वादोन!” सव्वादोन हे बांगडीचे फार लहान माप; घरी आल्यावर आईने हे मला हसत सांगितले. पुढे इतकी वर्षे पत्नी त्याच कासारणीकडे गेली. कासारीण म्हातारी झाली, दुकानात सून बसू लागली, पण माझ्या पत्नीचा हात ती सुनेला धरू देत नसे. हात धरायची, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबायची, आणि दर वेळी तेच म्हणायची, “हात ढिला सोड वं बाई.” एरवी कुणाचे न ऐकणारी माझी पत्नी तिथे मात्र हात सोडून देई.

ज्या वर्षी आमच्या गल्लीत घरोघरी चिकनगुनिया झाला, त्या वर्षी गणपतीनंतर तिलाही ताप आला. ताप उतरला, सांधे धरलेले राहिले. सगळ्यांचेच राहिले होते. सकाळी दूध आणायला बाहेर पडणारे लोक एकमेकांकडे पाहून हसत. शेजारचे गृहस्थ कुंपणाला धरून म्हणाले, “पूरी गल्ली बदकं होऊन राहिली ना भाऊ.” आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितले, काही महिने दुखेल, मग थांबेल. त्यामुळे कुणी काळजी केली नाही. मीही केली नाही, करण्यासारखे काही दिसत नव्हते.

दिवाळी झाली. शेजारचे गृहस्थ पुन्हा सायकलवर बसू लागले. ती मात्र सकाळी चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून ओट्याशी उभी राहायची. चहा प्यायची नाही, नुसती धरून उभी राहायची.

“काय करतेस?” मी एकदा विचारले.

“हात वितळवून राहिली,” ती म्हणाली.

मला ते गमतीचे वाटले. तिलाही गमतीचेच वाटत असावे. भाजी चिरून होईपर्यंत हात सुटायचे आणि मग दिवसभर ती सगळे करायची. तिची आई माहेरी पहाटे कांड्या भरायला बसवताना म्हणायची, “चालव, सुटते.” ते तिच्या हाडात बसलेले होते. हात आखडला तर तो चालवायचा. थांबणाऱ्याचा हात आखडतो, चालवणाऱ्याचा सुटतो, असा त्या घराचा अनुभव होता, आणि सकाळचे तास सोडले तर तिचा हात खरोखरच सुटत होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उमरेडहून माझी मेहुणी आली. बायका बसल्या होत्या. पत्नीला कुंकवाच्या करंड्याचे झाकण उघडता येईना. तिने तो गुपचूप बहिणीकडे सरकवला.

“काहून वं बाई? एवढंही होत नाही तुले?”

“तेलकट झाला आहे. सटकतो.”

“दाखव हात.”

मनगटे सुजली होती. उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नात भरलेल्या हिरव्या बांगड्या त्या सुजेत रुतल्या होत्या. वरही जात नव्हत्या, खालीही येत नव्हत्या.

धरमपेठेतले सांध्यांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिची बोटे एकेक करून दाबली, प्रत्येक पेरावर थांबून तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग विचारले, “माहेरी कुणाला संधिवात होता? आई, मावशी, आजी?”

“नाही जी. आमच्याकडे सगळे काटक.”

त्यांनी लिहून घेतले. रक्त तपासले. संधिवाताची नेहमीची तपासणी कोरी आली. दुसऱ्या एका तपासणीत आकडा काठावर होता, ना इकडचा ना तिकडचा. दोन्ही हातांचा एक्स-रे काढायला सांगितला. तिथला माणूस म्हणाला, बांगड्या काढा. ती म्हणाली, निघत नाहीत. तो म्हणाला, फोडू. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. शेवटी त्याने तसाच काढून दिला.

डॉक्टरांनी ती फिल्म उजेडावर धरली. बोटांची हाडे स्वच्छ दिसत होती. मनगटावर मात्र काचेच्या पांढऱ्या रेघा आल्या होत्या, एकीवर एक.

“मला नेमकं मनगटच पाहायचं होतं, ताई. हाड झिजतंय का ते तिथे आधी कळतं. ते तुमच्या बांगड्यांनी झाकलं.”

“आजाराचं नाव काय जी?”

“सध्या संधिवातासारखा, एवढंच म्हणता येईल.”

“सारखा म्हणजे?”

“असेल. चिकनगुनियाच रेंगाळला असेल. दोन्ही असू शकेल.”

रिक्षात बर्डीच्या सिग्नलला ती म्हणाली, “पैसे देऊन ‘सारखा’ घेऊन आलो.”

बांगड्या काढाव्याच लागणार होत्या. नुसत्या एक्स-रेसाठी नव्हे, मनगट त्यांत आवळले जात होते. म्हातारी कासारीण घरी आली. तिने आधी साबण लावून पाहिला, मग तेल, मग हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून तिच्यावरून बांगडी सरकवून पाहिली. पत्नीच्या डोळ्यांतून पाणी येत होते, पण ती हात मागे घेत नव्हती. शेवटी कासारणीने हात खाली ठेवला.

“वाढवाव्या लागतील, बाई.”

पत्नीने मला हाक मारली. मी आतल्या खोलीत वाचत बसलो होतो, म्हणजे पुस्तक उघडून बसलो होतो.

“तुम्ही इथे समोर बसा.”

“कशाला?”

“दिसले पाहिजे तुम्ही मला. हिच्या हातून होईपर्यंत.”

मला कळले. सवाष्णीच्या बांगड्या फुटायचे एकच कारण तिला माहीत होते, आणि ते कारण जिवंत आहे हे तिला डोळ्यांनी पाहत राहायचे होते. मी बसलो.

“श्वास घेऊन दाखवू का?”

“थट्टा नका करू हो.”

कासारणीने आधी दोन्ही मनगटांना हळदीने पिवळा केलेला दोरा बांधला, हात क्षणभरही रिकामा नको म्हणून. मग पदर टाकून पदराखाली लहान पकडीने एकेक काच दाबली. आवाज फार लहान होता. पत्नी माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहत होतो. त्या दुपारी आम्ही दोघांनीही काळजी माझी केली.

दुसरा एक्स-रे स्वच्छ आला. त्यात झिजलेले असे निश्चित काही दिसले नाही. डॉक्टर म्हणाले, हे चांगले आहे, पण यावरून आजार नाही असे म्हणता येत नाही. सुरुवात असेल तर दिसणारही नाही. त्यांनी औषध सुरू केले. आठवड्यातून एकदा, रविवारी घ्यायची गोळी. सोमवारी तिला मळमळायचे. सोमवारी आमच्याकडे वरणभात आणि पापड एवढेच व्हायचे, आणि ते मी करायचो. मी केलेल्या वरणाला ती औषधाचा दुसरा डोस म्हणायची.

त्या वर्षी ती दोरे बदलत राहिली. नंतर मी पेचाचे कडे आणले. पेच फिरवला की ते उघडते, पंजावरून चढवावे लागत नाही. ते ती घालायची, पण बाहेर जाताना पदराखाली घ्यायची. “पेचाचं म्हणजे कुलूप लावल्यासारखं वाटते,” असे म्हणायची. तिला काचेच्या हव्या होत्या, सव्वादोनच्या, कुणीतरी हात दाबून भरलेल्या.

त्याच काळात एकदा मेहुणी तिच्यासोबत डॉक्टरांकडे आली. माझे कॉलेजमध्ये काम होते, पण त्या दिवशी मीही होतो. डॉक्टर पत्नीची बोटे पाहत होते. मेहुणी सहज बोलून गेली, “आईचे तर पार अशे वाकडे झाले होते,” आणि तिने स्वतःची बोटे एका बाजूला कलती करून दाखवली.

डॉक्टरांनी हात सोडला. “तुमच्या आईचे? तुम्ही तर म्हणाला होता कुणाला संधिवात नव्हता.”

“नव्हताच ना जी,” पत्नी म्हणाली. “तो मागाचा हात होता.”

“म्हणजे?”

“मागावर बसणाऱ्याचा होतेच तसा. आमच्या गल्लीत पुष्कळ बायांचा होता. तो आजार नाही.”

ती खोटे बोलली नव्हती. त्यांच्या घरात त्या हाताला नाव होते आणि ते नाव आजाराचे नव्हते. सासूबाईंचे हात मीही पाहिले होते. त्या हातांनी वाढलेले जेवलो होतो. मलाही ते मागाचेच वाटले होते. डॉक्टरांनी जुन्या नोंदीवर रेघ मारून काहीतरी लिहिले. त्यांना रागही आला नाही. पण उत्तर तेव्हाही मिळाले नाही. सासूबाई जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांचा हात आता कुणी दाबून पाहू शकत नव्हते. कदाचित तो खरोखरच मागाचा असेल.

बरे वाटू लागले ते कधी, हे सांगता येत नाही. मला ते दोरीवरच्या कपड्यांवरून कळले. आजारात तिला पिळता येत नसे, म्हणून टॉवेल दुपारपर्यंत टपटपत राहायचे आणि खाली फरशीवर ओल धरायची. एका सकाळी मी पेपर वाचत बसलो असताना लक्षात आले की फरशी कोरडी आहे. मी उठून टॉवेल चाचपला. चांगला पिळलेला होता. मी पुन्हा येऊन बसलो. पुढे किती तरी दिवस मी रोज आधी फरशी पाहायचो.

डॉक्टर म्हणाले, “याला रेमिशन म्हणतात.”

“म्हणजे गेला?”

“शांत आहे.”

“झोपला का मेला, ते सांगा ना.”

“तेच सांगता येत नाही, ताई. औषधामुळे शांत असेल. मुळात व्हायरसचा होता आणि आपोआप संपला, असंही असेल. औषध कमी करत जाऊ आणि पाहू.”

“मग आता भरू का?”

“काय भरू?”

“बांगड्या जी.”

ते हसले. “भरा की! मी कधी नाही म्हटलं?”

“तुम्ही आजार गेला म्हणा, मग भरते.”

“ते मी म्हणणार नाही.”

“मग मीही नाही भरणार.”

हे दर वेळी व्हायचे. पुढे पुढे ती दारातून आत शिरतानाच विचारायची आणि ते मान हलवायचे. बाहेर बसलेली मुलगी, जी नंबर पुकारायची, ती पण विचारायची, “काकू, झालं का पास?” पत्नी म्हणायची, “काठावर आहे अजून.”

मी तिला समजावले. भर, पुन्हा सूज आली तर पाहू. ती म्हणाली, “पाहू म्हणजे परत फोडू. एकदा तुम्हाला समोर बसवून फोडल्या. परत नाही बसवत.”

मग आमच्या मुलीचे लग्न ठरले. वैशाखातली तिथी निघाली. मुलगी पुण्यात नोकरी करते, तिने फोनवर सांगितले की तिला सगळे साधे हवे आहे. पत्नीने सगळे मान्य केले. हॉल लहान, जेवण साधे, मानपान नाही. फक्त म्हणाली, “चुडा भरायला मात्र घरी कासारीण येईल. तुझ्यासोबत मीही भरीन.” म्हणजे तिने स्वतःच तारीख ठरवली होती. डॉक्टरांनी म्हटले नाही तरी त्या दिवशी भरायच्या. तोवर हात टिकला तर टिकला.

आम्ही महालात गेलो. म्हातारी दुकानाच्या पायरीवर ऊन खात बसली होती. तिने पत्नीचा हात धरला, दाबला, उलटा करून पाहिला.

“सव्वादोन. पयल्यासारखा. गेला वं तुझा आजार.”

“डॉक्टर नाही म्हणत.”

“त्याले काय समजते? त्यानं कधी बांगडी भरली का?” तिने काचेचा हिरवा जोड पुढे केला. “भरून देऊ?”

पत्नीने हात पुढे केला होता. मी पाहिले. मग तिने तो मागे घेतला आणि म्हणाली, “बांधून द्या. लग्नात भरीन.”

जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून दोरा बांधून त्या बांगड्या घरी आल्या आणि कपाटात तिच्या साड्यांवर ठेवल्या गेल्या.

पौषात तिला खोकला झाला. थंडी होती, शहरभर लोक खोकत होते. रविवारची गोळी तेव्हा निम्म्यावर आली होती. खोकला राहिला, ताप आला, जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसू लागली. छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना पांढरे दिसले. रुग्णालयात तीन डॉक्टर येऊन गेले. एक म्हणाले, हा संधिवातच आहे, तो कधी कधी छातीत जातो. दुसरे म्हणाले, त्या गोळीचा परिणाम असू शकतो. तिसरे म्हणाले, साधा संसर्ग वाढला असेल. तिघेही नीट बोलले, तिघांनीही कारणे समजावून दिली. सगळ्यांवर एकदमच उपचार चालले होते. मी ग्रंथालयात आयुष्य काढले आहे. एकाच विषयावर तीन पुस्तके तीन गोष्टी सांगतात याची मला सवय आहे. तिथे मात्र मला एकच हवी होती.

धरमपेठेतले डॉक्टरही पाहायला आले. त्यांनी सवयीने तिची बोटे दाबली. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिने तो थोडा उचलला.

“सुजले का?”

“नाही. हात एकदम छान आहेत, ताई.”

तिने माझ्याकडे पाहिले. “पाहा,” म्हणाली.

मला उद्देशून तिने त्यानंतरही काही शब्द उच्चारले. पाणी, उशी, मुलगी निघाली का. पण माझ्या लक्षात ते ‘पाहा’ राहिले आहे. त्यात आनंद होता. दोन दिवसांनी मंगळवार आला.

दुपारी बायका तिच्याभोवती बसल्या. मुलगी आईच्या पायांशी होती, ती कशातच नव्हती. बांगड्या कुठून आणायच्या यावर बोलणे सुरू झाले. कुणीतरी म्हणाले, अडीचच्या आणा, चढल्या नाहीत तर पंचाईत होईल. मेहुणी उठली, आत गेली, आणि कपाटातले ते वर्तमानपत्रातले पुडके घेऊन आली.

म्हातारी कासारीण रिक्षाने आली. सुनेने तिला धरून आत आणले. ती खाली बसली आणि तिने पत्नीचा हात आपल्या मांडीवर घेतला. हात बारीकच होता. पण सकाळपासून वेळ गेला होता आणि बोटे आखडली होती, आजारातल्या सकाळी असायची तशी. कासारणीने तळव्याला तेल लावले. मेहुणीने दुसरा हात घेतला आणि ती एकेक बोट चोळू लागली, वाकवू लागली, सरळ करू लागली. चोळता चोळता ती हळू आवाजात म्हणत होती, “चालव वं बाई. चालव, सुटते.”

मी दारात उभा होतो. पुरुषांनी तिथे उभे राहू नये, पण मला कुणी जा म्हटले नाही. मला वाटले होते की या वेळीही मी समोर असावे.

कासारणीने पहिली बांगडी बोटांवर ठेवली, अंगठ्याखालचा भाग दाबला आणि तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीने म्हणाली, “हात ढिला सोड वं बाई.”

खोलीत सगळ्यांनी ऐकले. तिने स्वतःही ऐकले. क्षणभर तिचे हात थांबले. मग तिने मान खाली घातली आणि बांगडी सरकवली. बांगडी पंजावरून गेली आणि मनगटावर बसली. मग दुसरी. मग सगळ्या. एकही फुटली नाही.

मुलीचे लग्न वैशाखातच झाले, नोंदणी कार्यालयात. वर्षाच्या आत केलेले बरे, असे सगळ्यांचे मत पडले. कासारीण आली नाही, तिला चालवत नव्हते. तिच्या सुनेने मुलीला बांगड्या भरल्या. मुलीचा हात माझ्यावर गेला आहे, पावणेतीनचा.

धरमपेठेतले डॉक्टर एकदा बाजारात भेटले. त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवून माझा हात हातात घेतला. मी त्यांना विचारले, तिला नेमके काय होते. ते म्हणाले, “मला आजही खात्रीने सांगता येत नाही, सर.” त्यांनी काहीतरी सांगून मला घरी पाठवले नाही, हे मला आवडले. पण घरी येऊन मी बराच वेळ चप्पल घालूनच बसून राहिलो.

पेचाचे कडे मुलीकडे आहे. उरलेल्या गोळ्या मी औषधाच्या दुकानात परत द्यायला गेलो, ते घेत नाहीत. दोरीवर आता माझे दोन कपडे असतात आणि खालची फरशी ओली असते, मला नीट पिळता येत नाही.

पहिला एक्स-रे, डॉक्टरांच्या उपयोगाला न आलेला, माझ्याकडे आहे. त्यात तिचे दोन्ही हात आहेत, आणि हातांत बांगड्या आहेत.